सीड्या रद्दीत घालू का? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात सीडी प्लेयरच्या दुरुस्तीबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला, अर्ध्या लोकांना प्लेयर दुरुस्त करायचाय आणि अर्ध्यांना तो कुणाच्या तरी गळ्यात मारायचाय. त्यातली काही घेतोय.

माझ्या सासऱ्यांना शास्त्रीय संगीताचं वेड होतं, दर डिसेंबरात सवाईला गेले की स्टॉलवरून दोन-चार सीड्या आणायचेच. असं करत करत अडीचशेच्या आसपास जमल्यात. आता आम्ही फ्लॅट बदलतोय, मुलगा म्हणतो सगळं मोबाईलवर आहे, दे टाकून रद्दीत. मन होत नाही. काय करू? – एक वाचक, कोथरूड

काकू, पहिली गोष्ट म्हणजे रद्दीवाला त्या नेईल पण वजनात धरणार नाही, त्यामुळे घाई करण्यात तसाही फायदा नाही.

मुलाचं अर्धं खरं आहे. त्याला एक काम द्या, कुठल्याही दहा सीड्या हातात द्या आणि म्हणा, हे मोबाईलवर शोधून दाखव. तोच राग आणि तोच गायक एवढं चालणार नाही, तेच रेकॉर्डिंग हवं. सीडीच्या पाठीवर मिनिटं-सेकंद छापलेले असतात ते जुळवून बघायचे. मी हे माझ्या घरी केलंय, सिनेमाची गाणी एकूणएक सापडली, मोठ्या कंपन्यांचं शास्त्रीयही बरंचसं सापडलं, पण छोट्या प्रकाशकांनी काढलेल्या, कुणाच्या पंचाहत्तरीला छापलेल्या, असल्या सीड्या कुठेच नाहीत. सापडलं त्यातही तबल्यावर कोण, पेटीवर कोण, काही पत्ता नाही, मैफल कुठली तेही नाही, नुसता राग बागेश्री आणि एक सूर्यास्ताचा फोटो!

शास्त्रीयवाल्यांना सीडीचं एवढं प्रेम का, ते मुलाला सांगा. ७८ आरपीएमच्या तबकडीत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं बसायची, एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस, कॅसेटमध्ये बडा ख्याल ऐन रंगात आला की खट्ट, उठा आणि बाजू पलटा. सीडीत ७४ मिनिटं सलग. विलंबित, द्रुत आणि वर एक ठुमरी, मधे उठायला नको.

आता करायचं काय. सगळ्यात आधी, छापील नसलेल्या, म्हणजे घरी राइट केलेल्या, वर मार्करने नाव घातलेल्या सीड्या बाजूला काढा. त्यांची मागची बाजू हिरवट-निळसर दिसते, त्यात रंगाचा थर असतो आणि उजेडाने, उष्णतेने तो खराब होतो, छापील सीडीच्या कितीतरी आधी त्या जातात. त्यात घरातली एखादी बैठक असेल तर ती जगात दुसरीकडे कुठेच नाहीये, हे लक्षात घ्या. छापील सीड्याही अमर नसतात हां, दिव्यासमोर धरून बघा, बारीक भोकं दिसली तर आतला अॅल्युमिनियमचा थर जायला लागलाय. आणि आपण सगळे जन्मभर चमकती बाजू जपत आलो, पण जास्त नाजूक असते ती छापलेली बाजू, कारण तिथे थरावर फक्त लाखेचा पातळ लेप असतो, खालच्या बाजूला निदान मिलिमीटरभर प्लॅस्टिक तरी आहे. वर स्टिकर चिकटवले असतील तर ओढून काढू नका, थर त्याच्याबरोबर येतो.

हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते, तेव्हा तपकीर गल्लीतून यूएसबीला लागणारा डीव्हीडी रायटर आणा आणि मुलालाच बसवा. फ्लॅक फॉरमॅटमध्ये कॉपी करायला सांगा, त्यात आवाजातलं काहीही गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. एका सीडीचे साडेतीनशे एमबी धरले तरी अडीचशे सीड्या नव्वद जीबीच्या आत बसतात, १२८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. पण एकच कॉपी ठेवू नका, दुसरी हार्ड डिस्कवर, तीही शक्यतो दुसऱ्या घरात. आतल्या पुस्तिकेचे मोबाईलने फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. एवढं झाल्यावर सिनेमाच्या सीड्या खुशाल वाटून टाका, बाकीच्या एका खोक्यात मावतील आणि खोकं पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका.

मी प्रीमियम घेतलंय आणि हजारेक गाणी अॅपमध्ये डाउनलोड करून ठेवलीत. म्हणजे ती आता माझीच झाली ना? – हिंजवडी

नाही रे बाबा. हे मेसच्या डब्यासारखं आहे, महिन्याचे पैसे भरलेत तोवर जेवण, आणि आमटी कुठली ते मेसवाला ठरवणार. अॅपमधलं डाउनलोड म्हणजे कुलूप लावलेली फाइल, ती त्या अॅपबाहेर वाजत नाही. स्पॉटिफायवर तर ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी जातात. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून गेली, परवान्याची बोलणी फिसकटली म्हणून, लोकांच्या प्लेलिस्टमध्ये रातोरात करड्या ओळी. २०२४ मध्ये एअरटेलने आपलं गाण्याचं अॅप, विंक म्युझिक, बंदच करायचं ठरवलं.

खरं डाउनलोड म्हणजे विकत घेतलेली फाइल, ते आपल्याकडे कधी रुजलंच नाही. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं एमपी३चं दुकान काढलं होतं, वर्ष-सव्वा वर्षात, जून २०१३ मध्ये गुंडाळलं. पण गंमत बघ, त्या फाइलींना कुलूप नव्हतं, त्यामुळे ज्यांनी तेव्हा उतरवून जपून ठेवल्या त्यांच्याकडे त्या आजही वाजतात, दुकान गेलं तरी. प्रीमियम सोडू नकोस, मीही वापरतो, नवीन ऐकायला त्यासारखं काही नाही. फक्त जी वीस-पंचवीस गाणी गेली तर जेवण जाणार नाही, ती विकत मिळत असतील तर घेऊन ठेव.

आवाज कशाचा चांगला, सीडीचा का स्ट्रीमिंगचा? मित्राशी पैज लागलीये. – सिंहगड रोड

पैज कितीची आहे त्यावर उत्तर देतो! सीडीचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट, चांगल्या स्ट्रीमिंगचा ३२०, म्हणून कागदावर सीडी जिंकते, पण अॅपल म्युझिकने २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस, म्हणजे काही न गाळलेला आवाज, दिला, म्हणजे तो मुद्दाही गेला. शिवाय ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत असाल तर तिथे आवाज परत दाबला जातो, मग काय फरक कळणार. मला ३२० आणि सीडीत डोळे मिटून फरक ओळखता आला नाही, प्रामाणिकपणे सांगतो. १२८ किलोबिट मात्र लगेच कळतं, अभंगातले टाळ ऐका, नीट वाजलेला टाळ खण्ण वाजून लांबत जातो, १२८ला तो सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो. पैजेचे पैसे घालून दोघांत बरे हेडफोन घ्या, वायरवाले.

बाबांच्या जुन्या सीड्या यूट्यूबवर टाकल्या तर चालतील? त्या कुठेच मिळत नाहीत. – औंध

नाही. मिळत नाही म्हणजे हक्क संपला असं नसतं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, शब्द आणि चालीचे हक्क आणखी वेगळे. प्रकाशकाला पत्र लिहून विचारा, छोटे प्रकाशक कधीकधी आनंदाने हो म्हणतात.

एलपी परत आल्या तशा सीड्याही येतील का? मी साठवून ठेवू का? – नारायण पेठ

भाव वाढेल म्हणून साठवणार असाल तर नको. अमेरिकेत २०२२ मध्ये एलपी सीडीपेक्षा जास्त नग विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच, पण एलपीचं कव्हर भिंतीवर लावता येतं, सीडीचं काय लावणार? कोरियन बँडवाल्यांच्या सीड्या पोरं घेतात, आतल्या फोटोकार्डासाठी, कित्येकांकडे प्लेयरसुद्धा नसतो. मुंबईचं ऱ्हिदम हाउस, गाण्यांचं नावाजलेलं दुकान, २०१६ लाच बंद झालं. मला वाटतं सीडी आता जुन्या पुस्तकासारखी राहील, ज्याला हवी तो शोधत येईल, बाकीच्यांना अडगळ.

शोधायला जाणार असाल तर बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजार गाठा. तिथल्या एलपीवाल्यांना भाव बरोब्बर कळलेत, सीड्या मात्र अजून गोणपाटावर ढिगात पडलेल्या असतात. फक्त पैसे द्यायच्या आधी डबी उघडून बघा. मागच्या महिन्यात मी अभंगांची डबी घासाघीस करून आणली, घरी येऊन उघडली, तर आत कुणाच्या तरी प्रिंटरची ड्रायव्हर सीडी.