म्युनिकहून ऑस्ट्रियाला जाताना गाडीच्या टपावर चार जोड्या स्की न्यायच्या आहेत. कॅरिअरचे आडवे दांडे आधीच बसवलेत. त्यावर उघडा होल्डर घ्यावा की बंद बॉक्स?

स्कीची टोकं मागे. बाकीचं नंतर बोलू.

तुम्ही विचारलंय होल्डर की बॉक्स, आणि हा माणूस टोकांचं काय घेऊन बसलाय, असं वाटेल. पण कॅरिअरचे आडवे दांडे आधीच बसवलेत असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दोन्हीपैकी काहीतरी विकत आणाल आणि पहिल्याच पहाटे अंधारात स्की उलट्या चढवाल. आमच्याकडे तेच झालं.

२०१९ चा जानेवारी. त्या वर्षी म्युनिकच्या बव्हेरियात आणि ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये बर्फानं कहर केला होता. महिनाअखेरीला जरा उघडीप मिळाली तसे आम्ही टिरोलमधल्या स्योल गावी स्की करायला निघालो. मी, बायको, मुलगी आणि श्टुटगार्टहून आलेला मेहुणा. मेहुणा गाड्यांच्या क्षेत्रातला इंजिनीयर, त्यामुळे गाडी या विषयावर त्याच्यापुढे कुणी तोंड उघडायचं नाही असा आमच्या घरातला अलिखित नियम. पहाटे सहाला, उणे आठमध्ये, मी वर थर्मासमध्ये चहा भरत होतो तोवर साहेबांनी चारही जोड्या टपावर चढवून होल्डरला कुलूपसुद्धा ठोकलं. खाली येऊन बघतो तर सगळी टोकं काचेच्या वर पुढे आलेली, नागांनी फणा काढल्यासारखी.

म्हटलं, ''अरे, फिरव त्या.''

''दाजी, बाण कधी शेपूट पुढे करून जातो का? हवा कापली जाते.''

बायको म्हणाली, निघा आता, वाटेतल्या इर्शेनबर्गच्या चढावर अडकलो तर दुपारच होईल. निघालो.

वाटेतल्या होल्त्सकिर्शेन गावापर्यंत काही नाही. मग काटा ११० च्या पुढे गेला आणि टपावरून 'घूंऽऽ' सुरू झालं. थोड्या वेळानं त्यात खटखट मिसळली. मेहुणा म्हणे, वारा आहे. वारा होताच, पण तो कुठे घुसत होता? बाणाचं टोक सरळ असतं, स्कीचं वर वळलेलं असतं. ते पुढे केलं की वारा त्याच्या पोटाखाली शिरतो आणि अख्खी स्की उचलायला बघतो. मागे केलं की वारा आधी सपाट शेपटीवरून सरकतो आणि वळलेल्या टोकाला वरून दाबतो. यासाठी इंजिनीयर असावं लागत नाही. पत्र्याच्या छपराची वळचण वादळात कुठून उचकटते हे आमच्या गावात शाळकरी पोरालाही माहीत असतं.

इर्शेनबर्गच्या थांब्यावर उतरलो. स्की चांगल्या वीतभर मागे सरकल्या होत्या. बाइंडिंग, म्हणजे स्कीवर बूट अडकवायचा सांगाडा, मागच्या होल्डरला जाऊन अडकलं म्हणून थांबल्या, नाहीतर मागच्या गाडीवाल्याचं काय झालं असतं या विचारानं आजही पोटात गोळा येतो. फिरवायला म्हणून किल्ली घातली, तर कुलूप गोठलेलं. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि चिखलाचं पाणी भोकात जाऊन दगड झालं होतं. मी थर्मास उघडून कपभर चहा त्यावर ओतला. आल्याचा, दोन चमचे साखरेचा. कुलूप उघडलं, स्की फिरवल्या, आवाज बंद. मेहुणा गप्प.

स्योलच्या वाहनतळावर तेच कुलूप पुन्हा गोठलं, या वेळी साखरेसकट. चाळीस मिनिटं आम्ही चौघं आपापल्याच स्कींकडे बघत उभे. शेवटी तिथल्या एका म्हाताऱ्या कर्मचाऱ्यानं खिशातून कुलपातला बर्फ वितळवणाऱ्या औषधाची छोटी बाटली काढली आणि काम झालं. तेव्हापासून घरात हा किस्सा 'दाजींनी कुलपाला चहा पाजला' म्हणूनच सांगितला जातो. टोकांचं नाव कुणी काढत नाही. चहा मीच ओतला, कबूल. पण ती वेळ आणली कुणी?

बरं, तुमचा प्रश्न. बाइंडिंगसकट एक जोडी साधारण पाच-सहा किलो, म्हणजे चार जोड्यांचा भार टपाला काहीच नाही. तरी गाडीच्या पुस्तिकेतला टपाचा आकडा बघा. त्यात दांडे आणि होल्डर किंवा बॉक्स यांचंही वजन धरायचं असतं. वर्षातून चार-पाचदा जाणार असाल तर उघडा होल्डर पुरे. हातमोजे न काढता दाबता येईल असं मोठं बटण असलेला घ्या. चुंबकानं टपाला चिकटणारे येतात, ते अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या टपावर चिकटत नाहीत. निघाल्यावर पन्नासेक किलोमीटरवर उतरून सगळं हातानं हलवून बघा. बर्फ वितळवायची बाटली गाडीत नाही, जॅकेटच्या खिशात. गाडीचं दारच गोठलं तर गाडीतली बाटली काय कामाची?

उघड्या होल्डरचा खरा तोटा मीठ. घरी आल्यावर स्की तशाच ठेवल्यात तर दोन दिवसांत कडांवर नारिंगी गंज दिसतो आणि बाइंडिंगच्या स्प्रिंगमध्ये राखाडी खरपुडी बसते. त्याच रात्री पुसा, दमला असाल तरी. हे नको असेल तर बॉक्स. पण तुमच्या इमारतीला तळघरातलं पार्किंग असेल तर दाराची उंची आधी मोजा, दोन मीटरची पाटी बऱ्याच ठिकाणी असते.

आणि हो, टोकं मागे केल्यावर डिकीचं दार वर उघडताना त्यांना लागत असेल तर स्की थोड्या पुढे सरकवा, पण बाइंडिंग दोन्ही दांड्यांच्या मधेच राहू द्या. दोन्हीकडून वळलेल्या स्की असतील तर माझा वरचा युक्तिवाद अर्धा कोसळतो, तिथे पट्टा घट्ट आणि वेग कमी हाच उपाय. बंद बॉक्समध्ये तर टोकं कुठेही करा, वारा आत येतच नाही.

मेहुण्यानं पुढच्याच वर्षी बॉक्स घेतला. आत टोकं पुढे करून ठेवतो. मी उघडून बघितलंय.