टॉवर बांधायला जास्त ऊर्जा लागते की त्यात राहायला?

राहायला. ठाण्यात घोडबंदर रोडला ३० मजली टॉवरमध्ये फ्लॅट बघताय म्हणून विचारलंत, तर ५० वर्षांचा हिशेब धरला की साधारण ८० ते ९० टक्के ऊर्जा वापरात जाते. सिमेंट, सळई, वाहतूक, बांधकाम, शेवटी पाडकाम, हे सगळं उरलेल्या १०-२० टक्क्यांत. अर्थात सिमेंटची भट्टी १४५० अंशांवर तापते, तेव्हा तेही फुकट नाही. आणि घरातली वीज जितकी वाचवाल तितका बांधकामाचा वाटा वाढत जातो.

उंचीचा भुर्दंड मात्र वेगळा. १००० लिटर पाणी ९० मीटर वर चढवायला शास्त्राप्रमाणे पाव युनिट पुरतं. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर अर्धं. आमच्या सोसायटीत टाकी ओव्हरफ्लो होऊन पाणी गच्चीवरून धो धो खाली यायचं, म्हणजे वर चढवलेली वीज गटारात! टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवल्यावर थांबलं. लिफ्ट, पार्किंगमधले पंखे आणि रात्रभर जळणारे जिन्यातले दिवे वेगळेच.

तरी खरा वीजखाऊ एसीच. फ्लॅट बघायला दुपारी ४ वाजता जा. पश्चिमेची भिंत हाताला चटका देत असेल आणि खिडकीवर छज्जाच नसेल, तर सॅम्पल फ्लॅटच्या झुंबरावर भाळू नका.