मंजुरीपत्र वाच

प्रिय बेटा,

परवा प्रयोगशाळेतून थेट घरी आलीस आणि बँकेचं स्टेटमेंट पुढे ठेवलंस. "सर, फेलोशिपच्या ३७ हजारांतले ३,७०० दर महिन्याला करापोटी कापले जातात. असंच असतं का?" मला इतका राग आला की धड उत्तर देता आलं नाही. राग तुझ्यावर नव्हता. म्हणून हे पत्र.

मंजुरीपत्र वाच. त्यात या पैशाला काय म्हटलंय? फेलोशिप, मानधन की वेतन? शिक्षणाचा खर्च भागवायला दिलेली शिष्यवृत्ती, त्यात फेलोशिपही आली, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१६) प्रमाणे करमुक्त. रकमेची मर्यादा नाही, नवी करप्रणाली घेतली तरी सूट जात नाही. २०२५ च्या कायद्यातही ती आहे, जागा तेवढी बदलली. दहा टक्के कापतात म्हणजे लेखा विभागानं तुला सल्लागारांच्या रांगेत बसवलेलं दिसतंय. २६एएस, म्हणजे तुझ्या नावावर कापलेल्या कराचं आयकर खात्याचं पत्रक, उघड आणि कोणत्या कलमाखाली कापलं ते बघ. प्रत्यक्ष करांचे अधिकारी घडवणारी राष्ट्रीय अकादमी आपल्याच नागपुरात, छिंदवाडा रोडवर, आणि आपलीच पोरं एवढं विचारत नाहीत!

"बारा लाखांपर्यंत कर नाहीच, मग काय बिघडलं?" हे मला ऐकवू नकोस. वर्षाच्या मधेच प्राध्यापकीची नोकरी लागली, तर चुकीच्या नावानं नोंदलेली ही रक्कम पगाराच्या डोक्यावर चढेल आणि बेरीज बारा लाखांपुढे जाऊ शकेल.

मात्र तासिका तत्त्वावर शिकवलंस तर ते मानधन करपात्र. फेलोशिपमधून केलेल्या एफडीचं व्याजही करपात्र. ते लपवायचं नाही.

माझ्या वेळी मंजुरीपत्रात शिष्यवृत्ती होती, ऑफिसच्या वहीत मानधन. मी पत्र वाचलंच नाही. तीन वर्षं पैसे कापले गेले, परताव्याची मुदतही गेली, आणि तिकडे वडील उधारी करून माझ्या खोलीचं भाडं पाठवत होते. चौथ्या वर्षी मेच्या उन्हात चकरा मारून नोंद बदलून घेतली. गाइड म्हणाले, पैशासाठी भांडतोस; सहा महिने बोलले नाहीत. मी बरोबर होतो. आजही तेच म्हणेन. शिकायला दिलेल्या पैशाला मजुरी म्हणू द्यायची नव्हती मला.

सोमवारी लेखी अर्ज दे, तोंडी नको. मंजुरीपत्राची प्रत जोड, पोच घे. कापलेलं परत मिळवायला मुदतीत विवरणपत्र भर. फेलोशिप करमुक्त उत्पन्नात दाखव. मसुदा घेऊन शनिवारी ये, काकू झुणका-भाकर करणार आहे. पण त्याआधी मंजुरीपत्र वाच, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत.

तुझा,
सर