हन्नाचा झगा आणि नऊ नंबरचे बूट

"दहावीतला मुलगा उपासनेला येत नाही. घरात प्रार्थनेला बसला तरी मान वर करत नाही. मी ड्युटीच्या मागे लागले आणि लेकरू प्रभूपासून दूर गेलं. आई म्हणून मी कमी पडले ना?"

वडोदऱ्याच्या एका रुग्णालयात नर्स असलेल्या बाईंचा हा प्रश्न. माहेर अहमदनगरकडचं (आताचं अहिल्यानगर), नवरा मकरपुऱ्याच्या कारखान्यात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कुटुंबांना सल्ला देणाऱ्या आमच्याकडे ख्रिस्ती घरांतून ही काळजी वरचेवर येते. या बाईंच्या बाबतीत ती चिघळायला एक निमित्त झालं. मातृदिनाच्या रविवारी चर्चमध्ये बायबलमधल्या नीतिसूत्रे 31 वर संदेश, म्हणजे प्रवचन झालं: रात्र सरायच्या आत उठणारी, जिचा दिवा विझत नाही अशी स्त्री. नाईट करून सकाळी नऊला घरी येऊन झोपणाऱ्या बाईला ते ऐकून काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

म्हणून आधी तो अध्यायच उघडला. सुरुवातीलाच लिहिलंय की ही लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेली शिकवण आहे. 10 ते 31 या बावीस ओव्या मूळ इब्रीत (हिब्रू भाषेत) बावीस अक्षरांच्या क्रमाने रचल्या आहेत, म्हणजे गुणांची बाराखडीच म्हणा. ते एका आयुष्याचं चित्र आहे, एका दिवसाचं वेळापत्रक नव्हे. आणि पंधराव्या ओवीत त्या बाईच्या हाताखाली दासी आहेत! संदेशात ही ओवी बहुतेक वेळा घाईने वाचली जाते.

मग त्यांना विचारलं, मुलाच्या बुटाचा नंबर किती?

"सात."

पुढच्या भेटीला त्या आल्या त्या खाली मान घालून. नंबर नऊ होता. शाळेचे बूट त्याने पप्पांबरोबर जाऊन आणले होते, त्याला सात-आठ महिने झाले होते.

हा प्रश्न बायबलमधल्या हन्नाच्या गोष्टीतून सुचतो. तिच्या मुलाचं, शमुवेलाचं दूध तुटल्यावर तिने त्याला शिलोच्या मंदिरात एली या याजकाकडे सोपवलं. घरी रोजची प्रार्थना नाही, रोज डोक्यावरून हात फिरवणं नाही. पण 1 शमुवेल 2:19 सांगतं की दर वर्षी ती त्याच्यासाठी लहानसा झगा करून नेत असे. झगा करायचा म्हणजे माप हवं. पोर वर्षभरात किती वाढलं याचा अंदाज त्या आईच्या हातात होता. निष्ठावान आईचे गुण मोजताना आम्ही इथून सुरुवात करतो: हाताशी असेल तेवढ्या वेळात ती मुलाचं आजचं माप घेते का? त्याग, अश्रू, उपवास हे सगळं त्यानंतरचं.

आता प्रार्थनेचं. रात्री साडेनऊला, चाळीस मिनिटं. एक गीत, एक पूर्ण अध्याय, मग बाईंची लांब प्रार्थना. मुलाला एकट्याला भेटल्यावर तो एवढंच बोलला, "मम्मी देवाला नाही सांगत, मला सांगते." खरं होतं. "प्रभू, याचा मोबाईल सोडव, याची संगत सुधार, याला आईबापाची किंमत कळू दे." डोळे मिटलेले, उलट बोलायची सोय नाही. तोंडावर बोलणी खाणारं मूल निदान भांडू शकतं. प्रार्थनेतून बोलणी खाणारं मूल देवालाच आईच्या बाजूला बसवून टाकतं. शिवाय शास्त्र मराठीत. पोरगं वडोदऱ्यात वाढलेलं, शाळा इंग्रजीत, मित्र गुजराती. पवित्र शास्त्राची जुनी मराठी त्याला निम्मी कळत नव्हती, आणि विचारायची लाज वाटत होती.

तीन आठवडे बाईंना वहीत फक्त दोन गोष्टी लिहायला सांगितल्या: भांडण कधी झालं, आणि त्याआधी झोप व जेवण किती झालं होतं. वही बघून त्या स्वतःच चपापल्या. सात भांडणांपैकी पाच शुक्रवारी संध्याकाळी. शुक्रवारी त्यांचा उपवास असायचा, मुलासाठीच धरलेला! रात्रपाळी, वर चार तास झोप, पोटात चहा. भांडणतंट्यात जाणाऱ्या उपासाबद्दल यशया 58 मध्ये संदेष्ट्याने खडे बोल सुनावले आहेत, ते त्यांनी पूर्वी कितीदा तरी वाचलं होतं. उपवास सोडा असं म्हटलं नाही. तो साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घ्या, एकच जेवण वगळा, आणि नाईटनंतर सहा तास झोप झाल्याशिवाय मुलाशी कुठलाही गंभीर विषय काढू नका, इतकंच. (मधुमेह असेल तर उपवासाचं आधी डॉक्टरांना विचारावं.)

प्रार्थना सात मिनिटांवर आणली, घड्याळ लावून. मार्कच्या शुभवर्तमानातल्या (येशूची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकातल्या) आठ-दहा ओव्या. मुलगा गुजरातीत किंवा इंग्रजीत वाचेल, आई मराठीत. मुलाला जे समोर सांगितलेलं नाही, ते प्रार्थनेत म्हणायचं नाही. त्याच्यासाठी मागायचं ते एकच वाक्य, आणि तेही त्यालाच विचारून: "आज तुझ्यासाठी काय मागू?" पहिले दहा दिवस उत्तर होतं, "काही नाही." मग "काही नाही"साठीच आभार मानून उठायचं. दुसऱ्या आठवड्यात बाईंची जीभ घसरलीच, "प्रभू, तू पाहतोसच..." मुलगा उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याची माफी मागितली. आमच्या मते सगळ्या उपायांत कामाला आलं ते हेच.

आठवड्यातून एक तास, गुरुवारी, फक्त त्याचा, हेही ठरलं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सुझॅना वेस्लीने, म्हणजे मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीच्या आईने, हेच केलं होतं. एकोणीस बाळंतपणं, जगलेली मुलं दहा, तरी प्रत्येकाला ठरलेली संध्याकाळ. जॉनचा गुरुवार. मोठेपणी त्याने पत्रातून आईकडे तो गुरुवार पुन्हा मागितला होता. या तासात अभ्यास, मार्क, चर्च हे विषय आईने काढायचे नाहीत. सयाजीबागेत चक्कर मारा, शेवउसळ खा, गप्प बसलात तरी चालेल.

वडिलांना एका भेटीला बोलावलं. "धर्माचं सगळं हीच बघते," ते म्हणाले. इफिस 6:4 मधली मुलांना वाढवायची आज्ञा नाव घेऊन बापांना आहे, हे दाखवल्यावर जरा वेळ शांतता होती. आठवड्यातले तीन दिवस प्रार्थना ते घेऊ लागले. त्यांची चार मिनिटांतच संपते.

उपासनेबाबत आमचं मत: पंधराव्या वर्षी "रविवारी कुटुंब एकत्र जातं" हा घरचा नियम असू शकतो, पण विश्वास दाखवायची सक्ती नको. गायला लावू नका, घरी येऊन संदेशाची परीक्षा घेऊ नका. दृढीकरणाची, म्हणजे मुलाने चर्चमध्ये स्वतःचा विश्वास जाहीर करण्याच्या विधीची, घाईही नको.

मात्र मूल दोन आठवड्यांहून जास्त उदास असेल, झोप-भूक गेली असेल, मरणाची भाषा करत असेल, तर प्रार्थना चालू ठेवून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाला गाठा. आईलाही हेच लागू. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो.

पाच महिन्यांनी स्थिती अशी: महिन्यातले दोन रविवार मुलगा येतो, मागच्या बाकावर बसतो. घरी एकदा त्याने मागणी सांगितली, मित्राच्या आजारी आजीसाठी. गुरुवारी ट्यूशन आल्यामुळे त्याने तास शनिवारी हलवून घेतला. बाईंना आता नवे बूट घ्यायचे आहेत. नऊ नंबर घट्ट होतोय.