मांडी म्हणजे सीट नव्हे

प्रिय लेकी,

नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, तोंडावर आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन तू शिर्डीला निघणार, असं तुझी आई काल सांगत होती. "समृद्धी महामार्गानं पाच तासांत पोहोचू, बाळ माझ्या मांडीवर निजेल," असं म्हणालीस म्हणे. तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

आधी मांडीचं. समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. गाडी धडकली की गाडी थांबते, बाळ मात्र त्याच वेगानं पुढे जातं. आठ किलोचं लेकरू त्या क्षणी कुणाच्या हातात राहत नाही, आईच्याही नाही. दोघांना मिळून एकच पट्टा लावलास तर तुझं सगळं वजन त्याच्यावर येईल. म्हणून बाळाची वेगळी सीट घे. ती मागच्या बाकावर लाव, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. या वयात डोकं जड आणि मान कोवळी. समोरून धक्का बसला तर अशा सीटमध्ये डोकं, मान, पाठ एकदम पेलली जाते. एअरबॅगसमोर ही सीट कधीच लावायची नाही. बसवल्यावर हलवून बघ, इंचभराहून जास्त सरकायला नको. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरता आला तर तो ढिला आहे. बाळ रडेल. निघायच्या आधी चार-पाच दिवस संध्याकाळी वर्धा रोडवर छोट्या चकरा मारा, सवय होते.

आता ऊन. माझा मुलगा दहा महिन्यांचा होता, मी नुकतीच नर्स झाले होते. मे महिन्यात भर दुपारी आम्ही बसनं अमरावतीला निघालो. लू लागू नये म्हणून मी त्याला दुपट्ट्यात पूर्ण गुंडाळलं. आधी रडरड केली, मग शांत झाला. मला वाटलं, निजला. उतरून उघडून बघते तर ओठ सुकलेले, टाळू खोल गेलेली, लंगोट सकाळपासून कोरडा. सलाइन लावावं लागलं. आज तो दोन लेकरांचा बाप आहे, तरी ते त्याचं शांत होणं मी विसरलेले नाही.

म्हणून पहाटे चारला निघा, ऊन चढायच्या आत बरंच अंतर कापून होईल. दर दीड-दोन तासांनी थांबा, पण पेट्रोल पंपावरच. रस्त्याच्या कडेला नाही. बाळाला सीटमधून काढ, अंगावर पाज, उकळून गार केलेलं पाणी घोट-घोट दे. निजलेलं असलं तरी लंगोटाला हात लावून बघ. सहा तास कोरडा राहिला किंवा बाळ मलूल वाटलं तर पुढे जाऊ नका, डॉक्टर गाठा; नाहीतर १०८ ला फोन करा. सीटवर कापड टाकून झाकू नकोस, आत हवा कोंडते. उन्हात उभ्या गाडीत बसवण्याआधी पट्ट्याचं बक्कल हातानं चाचपून घे, ते पोळतं.

आणि "दोन मिनिटांत येते" म्हणून बाळाला गाडीत ठेवून कुणीही उतरायचं नाही. काच थोडी उघडी असली तरी नाही, सावलीत असली तरी नाही. हे जावईबापूंनाही सांग.

ओआरएसची पाकिटं सोबत असू दे. जुलाब लागले तर मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालव, दाट करू नकोस, आणि उरलेलं २४ तासांनी फेकून दे.

सीट उद्याच बघून ये. बसवताना अडलं तर हाक मार, संध्याकाळी मी घरीच असते.

तुझी,
काकू