वाचकांचे प्रश्न : ‘बेब’, म्हणजे मेंढ्या वळणारं डुकराचं पिल्लू

सुट्टीत मुलांबरोबर पाहण्याजोग्या चित्रपटांच्या आमच्या यादीत ‘बेब’ (१९९५) होता. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात अशी : आर्थर हॉगेट या अबोल शेतकऱ्याला जत्रेत डुकराचं एक पिल्लू मिळतं. मेंढ्या राखणारी कुत्री फ्लाय त्याला पोटच्या पोरासारखं वाढवते. पिल्लू, म्हणजेच बेब, मेंढ्यांशी अदबीने बोलून त्यांना वळायला शिकतं आणि शेवटी मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धेत उतरतं. डिक किंग-स्मिथ यांच्या १९८३च्या ‘द शीप-पिग’ या छोट्या कादंबरीवरून क्रिस नूनन यांनी हा चित्रपट केला. नूनन आणि जॉर्ज मिलर यांनी पटकथा लिहिली. चित्रीकरण ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या रॉबर्टसन या गावाच्या परिसरात झालं.

प्रश्न : प्राण्यांचे ओठ इतके खरे कसे हलतात? तेव्हाचे संगणक तर आजच्या मानाने साधे होते.

तीन गोष्टी आलटून पालटून वापरल्या आहेत : खरे प्राणी, यांत्रिक बाहुले आणि संगणकावर बदललेली जबड्याची हालचाल.

आधी खऱ्या प्राण्याचं दृश्य टिपलं जातं. मग त्याच्या तोंडाचा त्रिमितीय साचा संगणकात बनवून, चित्रातलं डोकं जसं हलतं तसाच तो चौकटीमागून चौकट हलवत नेतात. टिपलेल्या चित्रातलीच कातडी आणि केस त्या साच्यावर चढवतात आणि संवादाप्रमाणे जबडा उघडझाप करतात. तोंड उघडल्यावर आत दिसणारे दात आणि जीभ नव्याने घडवावी लागतात. जबडा खाली गेला की त्यामागचा गळ्याचा किंवा गवताचा भाग झाकला जातो, वर आला की उघडा पडतो. तोही रंगवून भरावा लागतो. हे काम ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने केलं. डोकं वेगाने वळत असेल किंवा तोंडासमोर गवताची पाती येत असतील, तर साचा चित्रावर नीट बसत नाही आणि ओठ चिकटवल्यासारखे दिसतात. म्हणूनच बोलताना प्राणी बहुतेक वेळा स्थिर उभे असतात.

प्राण्याला अगदी जवळून आणि ठरावीक भाव आणत दाखवायचं असेल तिथे बाहुले आहेत. त्यात मेंढ्यांचे बाहुले सगळ्यांत फसवे, कारण सांधे लोकरीत लपतात. ओळखायचे असतील तर तोंडाकडे पाहू नका, बरगड्यांकडे पाहा. खऱ्या जनावराचं पोट श्वासाबरोबर वरखाली होतं आणि कान उगाचच फडफडतात. बाहुल्याचं दृश्य सहसा मानेशीच कापलेलं असतं.

दृश्य परिणामांसाठीचं ऑस्कर ‘बेब’ला मिळालं आणि त्या विभागात समोर अंतराळयानाच्या मोहिमेवरचा ‘अपोलो १३’ होता. अंतराळयानाला पिल्लाने हरवलं, आणि ते रास्तच झालं. अवकाशयान कुणी जवळून पाहिलेलं नसतं. जनावराचं तोंड रोज पाहणाऱ्याला जरासं चुकलेलंही लगेच खटकतं.

प्रश्न : बेबचं काम एकाच पिल्लाने केलं आहे का?

नाही, ४८ पिल्लांनी. जात लार्ज व्हाइट, म्हणजेच यॉर्कशायर. या जातीचं पिल्लू जन्मतः साधारण दीड किलोचं असतं, चार आठवड्यांत सात-आठ किलोचं होतं आणि सहा महिन्यांत शंभर किलोच्या आसपास जातं. चित्रीकरण महिनोन्महिने चालणारं, आणि पडद्यावर पिल्लू मात्र तेवढंच दिसायला हवं. त्यामुळे एक तुकडी मोठी व्हायच्या आत पुढची शिकवून तयार ठेवावी लागे. सगळी एकसारखी दिसावीत म्हणून प्रत्येकाच्या कपाळावर केसांचा तोच झुबका चिकटवला जाई. प्राण्यांना शिकवण्याची जबाबदारी कार्ल लुईस मिलर यांची होती.

प्रश्न : खरंच एखादं डुक्कर मेंढ्या वळू शकेल का? आमच्याकडे धनगरांची कुत्रीही मेंढ्या वळत नाहीत.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आपल्याकडच्या धनगरांची कुत्री मुख्यतः राखण करतात, लांडग्याला दूर ठेवतात. कळप हाकतो तो माणूस. ब्रिटनमधला बॉर्डर कोली जातीचा कुत्रा निराळा. तो खाली दबून, नजर रोखून, शिकारी जनावरासारखा पुढे सरकतो आणि त्या नजरेच्या दाबाने मेंढ्या सरकतात. डुकराकडे ती नजर नाही. ते हुशार आहे, खाऊच्या आशेने भराभर शिकतं, पण त्याला घाम जवळजवळ येतच नाही. उन्हात दमवलं तर अंग तापून कोसळतं. मोठ्या मैदानावरचं लांब धावणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

स्पर्धा मात्र खऱ्या नियमांवर बेतलेली आहे. ब्रिटिश पद्धतीत एका परीक्षकाचे गुण असे : मेंढ्यांच्या मागे वळसा घालून पोचणं २०, त्यांना हळुवार हलवणं १०, धन्याकडे सरळ रेषेत आणणं २०, फाटकांमधून दूर हाकत नेणं ३०, ठरलेल्या मेंढ्या वेगळ्या काढणं १० आणि कुंपणात कोंडणं १०. एकूण १००. मेंढ्या रेषेबाहेर गेल्या, बिथरल्या, फाटक चुकलं की गुण कापले जातात. हे मुलांना आधी सांगून ठेवा. मग शेवटी मेंढ्या शिस्तीत चालत निघतात तेव्हा प्रेक्षक का थक्क होतात, हे त्यांना आपोआप कळेल.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची आहे. दाखवू का?

शेजारी बसून, हो. चार जागा सांभाळा : सुरुवातीला पिल्लाच्या आईला नेतात तो प्रसंग, नाताळच्या जेवणात रोझाना बदक ताटात येतं तो, भटकी कुत्री ‘मा’ या म्हाताऱ्या मेंढीला मारतात तो, आणि तिला पिल्लानेच मारलं या संशयाने हॉगेट त्याच्यावर बंदूक रोखतो तो. त्यानंतर मांजर बेबला माणसं डुकरं का पाळतात ते सांगतं. तिथे मूल हमखास प्रश्न विचारतं. खोटं उत्तर देऊ नका, कारण चित्रपटही देत नाही. दीड तास सलग बसणं जड वाटत असेल तर नाताळ संपल्यावर थांबा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी पाहा. प्रकरणांची नावं पडद्यावर येतात ती उंदीर वाचून दाखवतात, त्यामुळे वाचता न येणाऱ्या मुलांचं अडत नाही. १९९८चा दुसरा भाग बराच काळोखा आहे. तो आठ-नऊ वर्षांपर्यंत राहू द्या.

प्रश्न : हॉगेट गातो ती चाल कुठे ऐकल्यासारखी वाटते.

फ्रेंच संगीतकार सँ-साँस यांच्या १८८६च्या तिसऱ्या सिंफनीच्या अखेरच्या भागातली. आधी चित्रपट दाखवा, मग मूळ रचना ऐकवा. ऑर्गनचा दणदणीत सूर सुरू झाला की मुलं चाल लगेच ओळखतात.

प्रश्न : आमच्या प्राथमिक शाळेच्या स्नेहसंमेलनात मराठीतून हे नाटक बसवायचं आहे. पुस्तक धरावं की चित्रपट? परवानगी लागेल का?

पुस्तक धरा. प्रकरणं बाराच आहेत आणि पात्रं मोजकी. अलार्म घड्याळ चोरायला निघालेलं फर्डिनांड बदक आणि रागीट कुत्रा रेक्स ही चित्रपटाची भर आहे. मेंढ्यांचा परवलीचा शब्दही, म्हणजे जो म्हटल्यावर अनोळखी मेंढ्या बेबचं ऐकतात तो, दोन्हीकडे वेगळा आहे. तो भाषांतरित करू नका, मुलांना टाळीवर म्हणता येईल असा स्वतःचा रचा.

किंग-स्मिथ २०११ साली वारले, म्हणून भारतात त्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनीच सादर केलेल्या आणि प्रेक्षकही विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे. पण भाषांतराचा हक्क वेगळा मोजला जातो. संहिता छापायची, तिकीट लावायचं किंवा चित्रफीत सगळ्यांसाठी खुली करायची असेल, तर प्रकाशकाकडून लेखी परवानगी आधी घ्या.

भाषेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ही गोष्ट मराठीत मुळापेक्षाही खुलू शकते, कारण इंग्रजीत नसलेली एक सोय आपल्याकडे आहे : तू आणि तुम्ही. कुत्री मेंढ्यांवर खेकसतात, ‘ए, हल! चल पुढं!’ आणि पिल्लू म्हणतं, ‘आजी, तुम्ही जरा त्या फाटकाकडे येता का?’ त्या एका ‘तुम्ही’त सगळी गोष्ट मावते. म्हणून पहिल्या प्रवेशापासून फक्त बेबच्या तोंडी मेंढ्यांसाठी ‘तुम्ही’ ठेवा, दुसऱ्या कुणाच्याही नाही. पुस्तकात मेंढ्या खेड्यातल्या बोलीत बोलतात. तुमच्या गावची बोली द्या, ‘लई गुणाचं पोर हाय’ अशी. पण ती हसण्यासाठी वापरू देऊ नका. मा ही या गोष्टीतली शहाणी बाई आहे. ती बोलली की सभागृह शांत व्हायला हवं. आणि माणसांना प्राण्यांचं बोलणं कधीच कळत नाही, हा नियम एकदाही मोडू नका. हॉगेटने पिल्लाच्या वाक्याला उत्तर दिलं की जादू संपली.

शेवटचं वाक्य ‘दॅट’ल डू’ आहे. त्याचं ‘शाब्बास’ करू नका. तिकडचे मेंढपाळ हे शब्द कुत्र्याला म्हणतात तेव्हा अर्थ असतो : काम झालं, मेंढ्या सोड, माझ्याकडे ये. हॉगेट पिल्लालाही तेच शब्द देतो, म्हणजे त्याला कुत्र्याच्या बरोबरीचा मानतो. ‘बास, पिल्ला. बास झालं.’ हे जवळ जातं. पण मुलांना ते कळायचं तर नाटकाच्या पहिल्या भागात काम संपल्यावर हॉगेटने फ्लायला निदान दोनदा ‘बास, फ्लाय. बास झालं’ म्हणायला हवं, तेही मान न वळवता. शेवटी मात्र त्याने वाकून पिल्लाकडे पाहावं, आणि वाक्य हळू म्हणावं.