पॅकिंग दोनदा बदललं, तरी गाडी हवा ओढते

प्रश्न: काका, बाबांनी 1997 साली घेतलेली मारुती 800 अजून आमच्याकडे आहे, कार्ब्युरेटरवाली. वर्षभरात इनटेक मॅनिफोल्डचं (कार्ब्युरेटरमधून इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या भागाचं) पॅकिंग, म्हणजे सांधा बंद करणारी पातळ चकती, दोनदा बदललं. दीडेक महिना बरा जातो, मग सिग्नलला उभी राहिली की थरथरते, आयडलिंग (उभ्या गाडीचं इंजिन चालणं) वरखाली होतं, कधी बंदच पडते. द्वारकेच्या चौकात तर रडूच यायचं बाकी होतं. पण इगतपुरीकडे हायवेला छान पळते. रेडिएटरचं पाणीही थोडं थोडं कमी होतं. दुसऱ्या वेळी पॅकिंगला दोन्हीकडून सिलिकॉन फासलं होतं. त्या वेळी काढलेल्या आधीच्या पॅकिंगचा फोटो सोबत पाठवते आहे. आता म्हणतात कार्ब्युरेटर नवा घ्या. घेऊ का?
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, कार्ब्युरेटरला इतक्यात हात लावू नका. जुनं पॅकिंग जपून ठेवलंत, त्याचा फोटो पाठवलात, हे फार चांगलं केलंत. मी तो मोठा करून बराच वेळ पाहिला. कडेच्या पोर्टभोवती (हवेच्या भोकाभोवती) दाबाची रेघ काळी, सलग उमटली आहे. पाण्याच्या भोकाखाली मात्र बोटभर जागा कोरी आहे, दुकानातून आणल्यासारखी. म्हणजे तिथे पॅकिंग कधी दाबलंच गेलं नाही, फट राहिली आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. दोष पॅकिंगचा नाही, ते ज्या पृष्ठावर बसतं त्या पृष्ठाचा आहे.

हायवेला गाडी का पळते? आयडलिंगला थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये जोराचा व्हॅक्यूम (हवेची ओढ) असतो आणि इंजिनाला हवा थोडीच लागते. त्या थोड्या हवेत फटीतून चोरून आलेली हवा मिसळली की पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन मिस मारतं. थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम उतरतो, आत जाणारी हवा कितीतरी वाढते, आणि तेवढीच फट कुणाला जाणवत नाही.

तरी उघडण्याआधी एकदा व्हॅक्यूम गेज (ही ओढ मोजणारं मीटर) लावून घ्या. पुस्तकात 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. नाशिक सुमारे 600 मीटर उंचावर आहे, इथे दोनेक इंच कमीच दिसणार. 16 दिसले म्हणून घाबरू नका, काटा स्थिर आहे ना ते बघा. मग गाडीला ब्रेक बूस्टर (व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणारा डबा) असेल तर त्याचा पाइप चिमटून आयडलिंग सुधारतं का पाहा, कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग तपासा. चोर तिथेही असू शकतो.

आता त्या कोऱ्या जागेबद्दल. तुमच्या गाडीच्या मॅनिफोल्डमधून कूलंटही फिरतं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं की पाण्याच्या भोकाची अ‍ॅल्युमिनियमची कड खाल्ली जाते, बारीक खड्डे पडतात. कमी होणारं पाणी तिथूनच जात असावं. ते सिलिंडरमध्ये शिरलं तर गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहील, त्याकडे लक्ष ठेवा.

गॅरेज काढण्याआधी मी सातपूरला टूलरूममध्ये 11 वर्षं काढली. तिथला हात अजून सुटत नाही. मॅनिफोल्ड काढला की आधी स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आडवी, उभी, तिरपी लावायची आणि खालून फिलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्या) सारायचा. 0.10 मिमीची पट्टी शिरली की मी मॅनिफोल्ड फेसिंगला (मशिनवर पृष्ठ सपाट करायला) पाठवतो, चर्चा नाही. मॅनिफोल्ड ज्यावर बसतो त्या सिलिंडर हेडच्या बाजूलाही हीच तपासणी हवी. लोक ती विसरतात. खड्डे खोल असतील तर आर्गन वेल्डिंगने भरून मग फेसिंग. सोबत स्टडही (नट बसतात ते आट्यांचे दांडे) बघा. आटे ओढले गेले असतील तर नट घट्ट वाटतो, पण दाबत नाही.

जुनं पॅकिंग खरवडायला ग्राइंडरची चकती लावू देऊ नका, हात जोडून सांगतो. तिची धूळ ऑइलमध्ये उतरली की बेअरिंगं जातात. पोर्टमध्ये स्वच्छ फडकी कोंबायची, पितळी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्यायची आणि सावकाश खरवडायचं. अर्धा दिवस गेला तरी चालेल. शेवटी थिनरने पुसायचं आणि फडकी मोजून बाहेर काढायची.

सिलिकॉन नको. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, मऊ पडतं, त्याचे तुकडे आत ओढले जातात. शिवाय ओल्या सिलिकॉनवर पॅकिंग घसरून सरकतं. सपाट पृष्ठावर चांगलं पॅकिंग कोरडंच बसतं.

नट मधून कडेला, आलटून पालटून, तीन फेऱ्यांत. 8 मिमीच्या स्टडला मी 20 न्यूटन मीटरच्या आसपास थांबतो. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच धरा. इंजिन एकदा पूर्ण तापवा, रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पुन्हा टॉर्क रेंच (ठराविक जोराने घट्ट करायचा पाना) फिरवा. कागदी पॅकिंग थोडं बसतं, तेव्हा नट किंचित वळेल. रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. आयडलिंगचे स्क्रू यानंतरच लावा. फट झाकायला कुणी मिक्श्चर रिच (हवेत पेट्रोल जास्त) करून ठेवलं असेल, तर ते तसंच राहून पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 3 टक्क्यांच्या वर जाऊ शकेल.

बाबांची गाडी आहे, काम नीट करून घ्या. फेसिंगनंतरचा स्ट्रेट एजचा फोटो मला जरूर पाठवा.

प्रश्न: हवा कुठून ओढते ते शोधायला चालू इंजिनवर कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारतात. घरी करू का?
एक वाचक, सिन्नर

उत्तर: नका करू. तो पेटतो, आणि एक्झॉस्ट जवळच तापलेला असतो. इस्त्रीचे कपडे भिजवायची फवाऱ्याची बाटली घ्या, साधं पाणी भरा, इंजिन गार असतानाच सुरू करून सांध्यावर बारीक फवारा मारा. वायरी आणि डिस्ट्रिब्युटर सांभाळा. फट असेल तर पाणी क्षणभर ती बुजवतं आणि आयडलिंगचा आवाज बदलतो. कान देऊन ऐका, दोनदा करून खात्री करा.